किती खपला यापेक्षा कसा खपला: क्लासिक रॉक ऐकायला सुरुवात करणाऱ्यांसाठी

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एक यादी छापून होस्टेलच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. अमेरिकेत सर्वात जास्त खपलेले रॉक अल्बम. वरून खाली एकेक ऐकायचा आणि बरोबरची खूण करायची, असा बेत. घरात रॉक ऐकणारं कुणी नव्हतं, सांगायलाही कुणी नव्हतं, आणि एवढ्या लोकांनी खिशातले पैसे मोजलेत म्हणजे त्यात काहीतरी असणारच, असा साधा हिशोब होता. सहा महिन्यांत यादी संपली. त्यातले निम्मे अल्बम मला आजही प्रिय आहेत. काही पुन्हा कधी लावले नाहीत. आणि ज्यांना मी आज 'माझे' म्हणतो त्यातले तीन-चार त्या यादीच्या आसपासही नव्हते.

खपतं ते चांगलं असतं का, हा वाद चहाच्या टपरीवर घालायला छान आहे. पण नवख्या माणसाला त्यातून काही मिळत नाही. त्याला एवढंच हवं असतं की समोर साठ ते ऐंशीच्या दशकांतल्या रॉकचे हजार अल्बम आहेत, तर सुरुवात कुठून करू आणि या आकड्यांवर किती विसंबू? ती वाट मी चुका करत शोधली. तुमच्या चुका थोड्या कमी व्हाव्यात म्हणून हे लिहितोय.

काय लागेल

- एक वही. फोनवरची नोंद चालेल, पण वही बरी. का ते पुढे येईल.
- कानावर नीट बसणारे वायरचे हेडफोन. महागडे नकोत.
- गाणी ऐकायचं कुठलंही ॲप. त्यातलं 'शफल' आणि 'ऑटोप्ले' आधी बंद करा.
- अल्बमची मूळ गाण्यांची यादी, म्हणजे जुन्या तबकडीच्या पहिल्या बाजूला कोणती आणि दुसऱ्या बाजूला कोणती.
- आठवड्यातून दोन वेळा सलग पाऊण तास. मिळवायला सगळ्यात अवघड गोष्ट हीच.

१. आकडा नेमका कशाचा आहे ते आधी वाचा

'२५ वेळा प्लॅटिनम' असं वाचलं की आपल्याला अडीच कोटी माणसं दुकानाबाहेर रांगेत दिसतात. तसं नसतं. अमेरिकेत खपासाठीचे गोल्ड-प्लॅटिनमचे शिक्के तिथल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना देते. गोल्ड १९५८ मध्ये सुरू झालं आणि दहा लाख प्रतींचं प्लॅटिनम १९७६ मध्ये. शिक्का आपोआप मिळत नाही. कंपनीने स्वतः अर्ज करायचा, हिशोब तपासून घ्यायचा आणि त्याचे पैसे भरायचे. ज्या अल्बमचा कंपनीला विसर पडला त्याचा आकडा वर्षानुवर्षं जुनाच राहतो.

त्यातही पूर्वी मोजला जायचा तो दुकानांकडे रवाना झालेला माल. याचा सगळ्यात गमतीदार किस्सा 'किस' या बँडचा. १९७८ च्या सप्टेंबरमध्ये चौघा सदस्यांचे चार वेगवेगळे अल्बम एकाच दिवशी बाजारात आले. प्रत्येकाचा माल दहा लाखांच्या घरात पाठवला गेला आणि चारही प्लॅटिनम झाले. मग दुकानांतून गठ्ठेच्या गठ्ठे परत यायला लागले. कागदावर मात्र प्लॅटिनम ते प्लॅटिनमच.

दुसरी मेख म्हणजे दोन तबकड्यांचा संच असेल तर प्रत्येक तबकडी वेगळी मोजली जायची. पिंक फ्लॉइडचा 'द वॉल' २३ वेळा प्लॅटिनम आहे, म्हणजे खपलेले संच साधारण एक कोटी पंधरा लाख. बीटल्सच्या 'व्हाइट अल्बम'चंही तेच. त्या यादीत त्यांच्यापुढे जो आकडा दिसतो तो निम्मा समजा. आणि २०१६ पासून ऑनलाइन ऐकणंही धरतात, १५०० वेळा गाणी वाजली की एक अल्बम. कुणीतरी कामाच्या जागी दिवसभर लावून ठेवलेलं गाणंही त्या हिशोबात येतं.

२. संकलनं बाजूला काढा

माझी पहिली चूक हीच. माझ्या यादीत सगळ्यात वर ईगल्सचं १९७१ ते १९७५ मधल्या गाजलेल्या गाण्यांचं संकलन होतं. १९७६ मध्ये प्लॅटिनमचा शिक्का सुरू झाला तेव्हा तो मिळालेला हा पहिलाच अल्बम, आणि २०१८ मध्ये त्याचा आकडा ३८ प्लॅटिनमवर गेला. मी तो ऐकला आणि ईगल्स 'झाले' म्हणून खूण केली. वर्षभराने त्यांचे मूळ अल्बम ऐकले तेव्हा कळलं की मी बुफेत फक्त गुलाबजाम खाऊन उठलो होतो.

ब्रिटनमध्येही तेच. तिथला आजवरचा सर्वाधिक खपाचा अल्बम म्हणजे क्वीनचं १९८१ चं संकलन. गाणी एकापेक्षा एक, वाद नाही. (क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि त्याचा पहिला बँडही तिथलाच, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.) पण संकलन म्हणजे अल्बम नव्हे. अल्बममध्ये कुठलं गाणं कुणाच्या मागे येतं, कुठे शांतता आहे, कुठे मुद्दाम चटका दिलाय, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. संकलनाच्या खपातून त्या बँडची काही वर्षांतली सगळ्यात चांगली गाणी कळतात. एक अल्बम म्हणून त्यांना काय साधलं ते कळत नाही.

तर यादीतून संकलनं सरळ खोडा. मैफलींचे अल्बम ठेवा, पण वेगळ्या पानावर.

३. शिखर सोडा, शेपूट बघा

माझ्या मते सगळ्यात कामाची पायरी हीच, म्हणून इथे जरा थांबतो.

कुठल्याही अल्बमसाठी दोन गोष्टी शोधा. तो दर आठवड्याच्या खपाच्या क्रमवारीत किती वर पोचला, आणि किती काळ विकला जात राहिला. या दोन गोष्टी वेगवेगळं सांगतात. वर पोचण्यात जाहिरात, रेडिओ, गायकाचं नाव, आधीच्या अल्बमची पुण्याई हे सगळं असतं. बोलणाऱ्याची बोरं विकतात म्हणतात, ती पहिल्या महिन्यात. दहा वर्षांनी त्याच अल्बमसाठी कुणीतरी नवा माणूस पैसे काढतो तेव्हा मागे बोलणारं कुणी उरलेलं नसतं. असतो तो फक्त एक थोरला भाऊ किंवा मित्र, "हा ऐक" म्हणणारा.

पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' १९७३ च्या मार्चमध्ये आला. अमेरिकेत तो पहिल्या क्रमांकावर होता फक्त एक आठवडा. पण १९७३ ते १९८८ या काळात मिळून ७४१ आठवडे तो पहिल्या दोनशेत राहिला. लेड झेपेलिनचा चौथा अल्बम, १९७१ चा, अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावरच अडला. त्यातलं सगळ्यात गाजलेलं 'स्टेअरवे टू हेवन' तिथे सुटं गाणं म्हणून विक्रीला आलंच नाही. हवं तर अख्खा अल्बम घ्या. एसी/डीसीचा 'बॅक इन ब्लॅक' १९८० मध्ये आला, गायक बॉन स्कॉट गेल्यानंतर पाच महिन्यांनी. अमेरिकेत चौथा क्रमांक, त्याच्या वर कधीच नाही, आणि आज तो सर्वाधिक खपलेल्या रॉक अल्बमांत आहे. तिघांचीही वाट एकच: शिखर बेताचं, शेपूट लांबलचक.

आता याच्या शेजारी पीटर फ्रॅम्प्टनचा १९७६ चा 'फ्रॅम्प्टन कम्स अलाइव्ह!' ठेवा. मैफलीचं ध्वनिमुद्रण, दोन तबकड्या, पहिल्या क्रमांकावर एकूण दहा आठवडे, त्या वर्षी अमेरिकेत सगळ्यात जास्त खपलेला. वाईट अजिबात नाही, गिटारमधून बोलल्यासारखा आवाज काढायची त्याची करामत आजही मजा आणते. पण त्याला त्या उन्हाळ्याचा वास आहे. आज विशीतल्या मुलाला तो कुणी हातात देत नाही, झेपेलिन देतात.

म्हणून माझं मत असं: खपाचा आकडा दर्जा सांगत नाही, पण खप किती वर्षं टिकला यातून बरंच कळतं. लांब शेपटीचा अल्बम तद्दन टाकाऊ निघाला, असं माझ्याबाबतीत अजून झालेलं नाही. न आवडलेले मात्र आहेत.

इथला सापळा जुन्या क्रमवारीचा आहे. १९९१ च्या मेपर्यंत अमेरिकेतली क्रमवारी दुकानदारांनी कळवलेल्या अंदाजावर बनायची. दुकानातला मुलगा जे सांगेल ते. मग बारकोडवरून खरी विक्री मोजायला लागले. पण त्याच वेळी जुन्या अल्बमांना मुख्य यादीतून काढून वेगळ्या यादीत टाकलं आणि ते २००९ च्या अखेरीपर्यंत तिथेच राहिले. त्यामुळे नव्वदच्या दशकातल्या मुख्य यादीत 'डार्क साइड' दिसला नाही म्हणून तो विकला जात नव्हता, असा अर्थ काढू नका.

४. खपामागे दुसरं काही होतं का ते विचारा

कधी अल्बमबरोबर भलतंच काहीतरी विकलं जात असतं. डायर स्ट्रेट्सचा 'ब्रदर्स इन आर्म्स' १९८५ मध्ये आला तेव्हा सीडी प्लेअर नवा होता. घरी आणलेल्या त्या महागड्या यंत्रात घालायला स्वच्छ, चकचकीत आवाजाचं काहीतरी हवं होतं, आणि हा अल्बम तसाच होता. सीडीवर दहा लाख खपलेला तो पहिला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मी स्पीकर घ्यायला गेलो तेव्हा, वीस वर्षांनंतरही, दुकानदाराने हाच लावून दाखवला होता.

माइक ओल्डफिल्डच्या 'ट्युब्युलर बेल्स'ला त्यातला तुकडा वापरणाऱ्या १९७३ च्या एका भयपटाने अमेरिकेत नेलं. फ्लीटवुड मॅकचा १९७७ चा 'रूमर्स' २०२० मध्ये पुन्हा क्रमवारीत वर आला, कारण स्केटबोर्डवरून जाताना क्रॅनबेरीचा रस पिणाऱ्या एका माणसाची चित्रफीत जगभर फिरली आणि तिच्यात याच अल्बममधलं 'ड्रीम्स' वाजत होतं.

पण यातून 'म्हणजे अल्बम फुकट गाजला' असा निष्कर्ष काढायची घाई नको. दार कुणी उघडलं हे एक, आत आलेला माणूस का थांबला हे दुसरं. 'रूमर्स' १९७७-७८ मध्ये मिळून ३१ आठवडे पहिला होता तेव्हा स्केटबोर्डवाला नव्हता.

५. न खपलेल्यांतून तीन उचला, आणि का खपले नाहीत ते शोधा

अपयशाचं कारण अनेकदा संगीताबाहेर सापडतं. ते एकदा कळलं की मग अल्बम निव्वळ संगीत म्हणून ऐकता येतो. माझे आवडते असे:

द किंक्स, 'व्हिलेज ग्रीन प्रिझर्व्हेशन सोसायटी'. १९६८ मध्ये २२ नोव्हेंबरला ब्रिटनमध्ये आला. त्याच दिवशी बीटल्सचा 'व्हाइट अल्बम' आला. यापेक्षा वाईट मुहूर्त कुठल्या भटजीने काढला असता! त्यात या बँडला १९६५ पासून अमेरिकेत कार्यक्रम करायला तिथल्या वादकांच्या संघटनेने अडवलं होतं. अल्बम ना ब्रिटनच्या यादीत आला, ना अमेरिकेच्या. जुनं गाव, जुने फोटो, वाफेचं शेवटचं इंजिन अशा गोष्टींवरची ही गाणी ज्याचं गाव सुटलंय त्याला लगेच कळतील.

द झॉम्बीज, 'ओडेसी अँड ओरॅकल'. लंडनच्या ॲबी रोडला १९६७ मध्ये ध्वनिमुद्रण, डिसेंबरात बँड फुटला, आणि १९६८ च्या एप्रिलमध्ये अल्बम बाहेर. म्हणजे वाजवायला बँडच नाही! पुढे त्यातलं 'टाइम ऑफ द सीझन' १९६९ मध्ये अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर पोचलं तेव्हा तिकडे चक्क नकली झॉम्बीज दौरे करत होते. त्यातल्या एका टोळीतले दोघे नंतर झेडझेड टॉप या बँडमधून स्वतःच्या नावाने प्रसिद्ध झाले.

बिग स्टार, '#१ रेकॉर्ड'. अमेरिकेतलं मेम्फिस, १९७२. नावातच पहिला नंबर, पण वितरण इतकं ढिसाळ की ज्यांना घ्यायचा होता त्यांना दुकानात मिळेना.

चौथा हवाच असेल तर 'द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड अँड निको', १९६७. अमेरिकेत तेव्हा १७१ व्या क्रमांकापर्यंतच गेला. मागच्या कव्हरवरच्या एका छायाचित्रावरून वाद झाला आणि ऐन मोक्याला माल काही काळ बाजारातून उचलावा लागला. हा पहिल्याच आठवड्यात ऐकू नका. मी ऐकला आणि वर्षभर रुसून बसलो.

इथेही सापळा आहे, आणि पहिल्याहून वाईट. चार न खपलेले अल्बम आवडले की माणसाला वाटायला लागतं, जे खपलं नाही तेच खरं. होस्टेलच्या शेवटच्या वर्षी मी असाच झालो होतो. कुणी ईगल्सचा 'हॉटेल कॅलिफोर्निया' म्हटलं की तोंड वाकडं. ऐकून काही वाटलं म्हणून नव्हे, इतरांपेक्षा वेगळं दिसावं म्हणून. शिवाय हे ध्यानात ठेवा की न खपलेल्यांपैकी आपल्यापर्यंत पोचलेत ते कुणीतरी निवडून, वाचवून ठेवलेले. बाकीचे हजारो खपले नाहीत कारण ते कंटाळवाणे होते.

आणखी एक पूर्वग्रह खास आपला. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनच्या 'वंडरवॉल म्युझिक'चा काही भाग १९६८ च्या जानेवारीत मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्या वादकांना घेऊन मुद्रित झाला. ब्रिटनच्या यादीत तो आलाच नाही. मला आवडतो, पण त्या आवडीतली किती टक्के शहनाई आणि किती टक्के 'मुंबई' हे नाव, ते मला अजून सांगता येणार नाही.

६. समीक्षकांचाही काटा तपासा

खपाच्या यादीला पर्याय म्हणून बरेच जण 'रोलिंग स्टोन' मासिकाची ५०० अल्बमांची यादी धरतात. धरा, पण दोन वर्षांच्या याद्या शेजारी ठेवून. २००३ मध्ये पहिला असलेला बीटल्सचा 'सार्जंट पेपर' २०२० च्या यादीत २४ वा झाला. 'रूमर्स' २५ वरून ७ वर आला. 'हॉटेल कॅलिफोर्निया' ३७ वरून शंभराच्या बाहेर गेला. अल्बमांतला एक सूरही बदलला नाही, मत देणारे बदलले. याच मासिकाने १९६९ मध्ये लेड झेपेलिनच्या पहिल्या अल्बमची टर उडवली होती.

७. जोडीने ऐका, आधी लिहा, मग आकडा बघा

एक खपलेला आणि एक न खपलेला, शक्यतो एकाच वर्षातला. सुरुवातीला सगळ्यात सोपी जोडी वर आलीच आहे, त्याच दिवशी जन्मलेली: 'व्हाइट अल्बम' आणि 'व्हिलेज ग्रीन'.

प्रत्येक अल्बम तीनदा. पहिल्यांदा काम करत ऐकला तरी चालेल. दुसऱ्यांदा फोन उलटा ठेवून, मूळ बाजूंप्रमाणे, मध्ये पाच मिनिटं थांबून. हा थांबा महत्त्वाचा आहे. 'डार्क साइड'ची पहिली बाजू 'द ग्रेट गिग इन द स्काय'ने संपते, तबकडी उलटायला माणूस उठतो आणि मग 'मनी'तल्या नाण्यांचा खणखणाट सुरू होतो. ॲपवर ती उसंत मिळत नाही. तिसऱ्यांदा आठवडाभराने.

दुसऱ्या ऐकण्यानंतर वहीत चार ओळी लिहा. आकडे त्यानंतर शोधा. फोन हातात असला की बोट आपोआप शोधाकडे जातं, म्हणून वही.

लिहिताना माझी एक कसोटी: दुसऱ्या बाजूचं शेवटून दुसरं गाणं. गाजलेली गाणी बहुधा पुढे असतात. 'हॉटेल कॅलिफोर्निया'त तर तिन्ही गाजलेली गाणी ओळीने पहिली तीन आहेत. मागे भरताड आहे की जीव, ते तिथे कळतं. त्या अल्बमचं शेवटून दुसरं 'ट्राय अँड लव्ह अगेन' ऐकलं आणि माझं वाकडं तोंड सरळ झालं.

८. विकत घ्यायचा असेल तर

घाई करू नका. तिसऱ्या ऐकण्यानंतरही हवासा वाटला तरच घ्या.

ॲपवर 'डीलक्स' आवृत्ती टाळा. मूळ अल्बम संपल्यावर कच्ची मुद्रणं आणि तालमी सुरू होतात आणि नवख्याला वाटतं, शेवटी हे काय भरकटले! चोर बाजारात किंवा जुन्या रेकॉर्डवाल्याकडे घेत असाल तर तबकडी उजेडात तिरकी धरून बघा. केसासारखे ओरखडे चालतात, नखाला लागणारा ओरखडा चालत नाही. कव्हरवर भुलू नका, आतली तबकडी त्याच अल्बमची आहे का हे आधी बघा. कोलकात्याच्या डमडममधल्या कारखान्यातल्या भारतीय प्रती स्वस्तात मिळाल्या तर घ्या, आवाज प्रतीगणिक वेगळा निघतो, तेव्हा वाजवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

माझ्या वहीत सध्या बोस्टन या बँडच्या १९७६ च्या पहिल्या अल्बमचं पान उघडं आहे. टॉम शोल्झ नावाच्या इंजिनिअरने नोकरी सांभाळत त्यातला मोठा भाग घराच्या तळघरात मुद्रित केला आणि तो १७ वेळा प्लॅटिनम झाला. पहिल्यांदा मी लिहिलं होतं, "निर्दोष, म्हणूनच कंटाळवाणा." चार वर्षांनी ते खोडून लिहिलं, "निर्दोष." गेल्या रविवारी पुन्हा ऐकला, 'समथिंग अबाउट यू' दोनदा लावलं, आणि तेही खोडलंय. खाली जागा सोडली आहे.